अडगळीची खोली

घट बसायला आठ दिवस उरले की नांदेडला गोदावरीच्या घाटावर गोधड्या धुणाऱ्यांची गर्दी उसळते. घरोघरी फडताळे रिकामी होतात, जळमटे निघतात. पण एक खोली ह्या झाडलोटीतून दर वर्षी सुटते की नाही? खरे सांगा! माझ्या घरची तरी सुटत असे. मोडकी खुर्ची, बंद पडलेले घड्याळ, कुलपे हरवलेल्या किल्ल्या. दाराला कडी घातली की अडगळ नाहीशी झाली, असे आपण समजतो. ती कुठली जाते! खुर्ची आतून म्हणतच असते, ‘दुरुस्त कर, नाहीतर टाक.’ आपण दोन्ही करीत नाही आणि मनाला ते टोचत राहते.

मग द्यावे सगळे भंगारात, असे मी म्हणत असे. लातूरच्या माझ्या ताईने मला शहाणे केले. २०१६ सालच्या दुष्काळात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. एप्रिलातल्या पहिल्या खेपेला दहा डब्यांत सुमारे ५ लाख लिटर. ताईच्या माजघरात तेव्हा टिपाडे, घागरी, पातेली; पाऊल ठेवायला जागा नव्हती. ती अडगळ नव्हती, तो जीव होता. पुढे पाऊस झाला. दोन वर्षांनी गेले, तो रिकामी टिपाडे तिथेच!

“ताई, आता तरी काढ की ही.”

“तुझी गोदामाय दारात हाय, बाई. आमचा नळ बंद पडला की कळतंय.”

मी गप्प झाले. ताईने टिपाडे जपली नव्हती, धास्ती जपली होती. मग आम्ही हिशेब मांडला. नळ किती दिवसांनी येतो, तोवर घराला पाणी किती लागते? झाकणाची चार टिपाडे पुरत होती. तेवढी ठेवली, बाकीची वाटून टाकली. त्या रात्री ताई माजघरात ऐसपैस अंथरूण घालून निजली.

तेव्हा अडगळ काढायला बसाल, तर प्रत्येक वस्तूला विचारा, ‘तू कामाची आहेस, की मी तुला भीतीपोटी धरून ठेवले आहे?’ भीतीला दटावू नका, तिचा हिशेब मांडा. आणि एका दिवसात सारी खोली नको. आज एक फळी पुरे.

माझे बंद घड्याळ? ते वडिलांचे, मी टाकले नाही. पण आता ते अडगळीत नाही. पुसून, किल्ली देऊन भिंतीवर लावले आहे.