पतीच्या पश्चात ट्रॅक्टर व अवजारांची विक्री

(महिला शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवते. त्यामुळे आज हरभऱ्याच्या पेरणीवर किंवा खतांच्या मात्रेवर बोलले असते तर कोणाला नवल वाटले नसते. परंतु पीक प्रात्यक्षिकांच्या निमित्ताने गावोगाव फिरताना एक गोष्ट वारंवार नजरेस पडते. घरातील कर्ता पुरुष अचानक जातो. जमीन जागेवर राहते, ती कोणी उचलून नेत नाही. ट्रॅक्टरला मात्र चाके असतात. दिवसकार्य उरकते न उरकते तोच कोणीतरी ओसरीवर येऊन बसतो आणि म्हणतो, "वहिनी, उभं राहून लोखंड गंजून जाईल. सगळं मिळून अमुक देतो, तुम्हाला कटकट नको." हा माणूस वाईटच असतो असे नाही. बऱ्याचदा तो नात्यातलाच असतो. पण त्याला ट्रॅक्टरची किंमत ठाऊक असते आणि वहिनींना नसते. सगळा तोटा तेथे होतो.

म्हणून पहिली गोष्ट ही की, उक्ता सौदा करू नये. ट्रॅक्टर, ट्रॉली, रोटाव्हेटर, पल्टी नांगर, पेरणी यंत्र, मळणी यंत्र या प्रत्येकाचे गिऱ्हाईक वेगळे आणि हंगामही वेगळा. ट्रॉलीला उसाचा गळीत हंगाम तोंडावर आला की मागणी असते. मळणी यंत्र सोयाबीन किंवा गहू-हरभरा काढणीला येण्याच्या आधी विचारले जाते. पेरणी यंत्राची आठवण लोकांना मृगाच्या तोंडावर होते. भर पावसात मळणी यंत्र विकायला काढले तर ते भंगाराच्या भावानेच मागितले जाणार. सगळे एकत्र घेणारा नंतर ते सुटे करूनच विकतो आणि मधला फरक त्याच्या खिशात जातो.

एका वहीत सर्व वस्तूंची यादी करावी. यादीत लहान वस्तूही घ्याव्यात, कारण गळती तेथेच होते. मागच्या चाकांना लावायची बिडाची वजने, पुढच्या बंपरची वजने, टॉप लिंक, हुक, पिना, जॅक, पान्यांची पेटी, जादा पाती, ताडपत्री, जुने पण चालू टायर. या वस्तू शेजारीपाजारी उसन्या गेलेल्या असतात. ज्याच्याकडे जे आहे ते गोडीने मागून आणावे. चाकांची वजने आणि टॉप लिंक यांसह दाखवलेला ट्रॅक्टर आणि उघडा ट्रॅक्टर यांच्या बोलीत फरक पडतो.

विकायचा की ठेवायचा?

हा प्रश्न घाईने सोडवू नये. घरात विश्वासाचा चालक असेल आणि गावात भाड्याची कामे मिळत असतील तर ट्रॅक्टर ठेवणे परवडू शकते. परंतु माझे मत स्पष्ट आहे. चार-पाच एकरांच्या स्वतःच्या शेतीवर ट्रॅक्टरचा हप्ता निघत नाही, तो निघतो भाड्याच्या कामावर. ती कामे पती स्वतः चालक असल्यामुळे जमत होती. पगारी चालक, डिझेल, दुरुस्ती आणि हप्ता वजा जाता काय उरते हे एका हंगामाच्या आकड्यांवरून मांडून पाहावे आणि मग ठरवावे. नवऱ्याची आठवण म्हणून ट्रॅक्टर ठेवणाऱ्या भगिनींना मी नावे ठेवणार नाही. मात्र बँकेचा सहामाही हप्ता आठवण पाहत नाही, हेही खरे आहे.

कागद आधी, गिऱ्हाईक नंतर

मृत व्यक्तीच्या नावावरील ट्रॅक्टर थेट गिऱ्हाइकाच्या नावावर चढत नाही. आधी तो वारसाच्या नावावर करावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५६ प्रमाणे, मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांच्या आत वाहन ज्याच्या ताब्यात आले त्याने परिवहन कार्यालयाला मृत्यूची व वाहन वापरणार असल्याची माहिती द्यावयाची असते. तसे केल्यास मृत्यूपासून तीन महिने ते वाहन वापरता येते आणि याच तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करून नाव लावून घ्यावयाचे असते. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी बुक आणि विम्याची प्रत लागते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. तिचाही अर्ज वेगळा करावा. रोटाव्हेटर, नांगर अशा अवजारांना परिवहन कार्यालयाचा संबंध नाही. त्यांना खरेदीची पावती असली म्हणजे पुरे. ज्यांच्याकडे हार्वेस्टर किंवा जेसीबी आहे त्यांनाही हाच नियम लागू आहे.

इतर वारसांची संमती मागितली जाते. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसल्यास पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत व त्यांचे हिस्से समान असतात. म्हणजे सासूबाईंचाही हिस्सा आहे. त्यांना विश्वासात न घेता केलेला सौदा पुढे अडतो. दीर या वर्गात येत नाहीत. पण ट्रॅक्टर एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतला असेल तर त्यांचे म्हणणे वेगळे असू शकते. अशा वेळी वाद अंगणात न घालता वकिलाचा सल्ला घ्यावा.

आता कर्जाविषयी. बँकेत गेल्यास ट्रॅक्टर ओढून नेतील या भीतीने काही घरे बँकेचे तोंडच चुकवतात. परिणाम उलटा होतो. हप्ते थकतात, व्याज चढते आणि शेवटी जप्त होऊन लिलावात ट्रॅक्टर कमी किमतीत जातो. मृत्यूचा दाखला घेऊन स्वतः शाखेत जावे आणि दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. आजअखेर एकूण येणे किती, आणि कर्जासोबत कर्जदाराचा विमा उतरविला होता का? पुष्कळ कर्जांबरोबर असा विमा घेतलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. कर्ज शिल्लक असेल तर गिऱ्हाइकाने तेवढी रक्कम सरळ कर्जखात्यात भरावी व उरलेली तुमच्या खात्यात, अशी बोली करावी. खाते बंद झाल्यावर बँकेचा नाहरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा नमुना ३५ घ्यावा. त्याशिवाय आरसी बुकावरील बँकेचे नाव निघत नाही.

पतीने साखर कारखान्याशी ऊस वाहतुकीचा करार करून उचल घेतली असेल, तर तोही हिशोब विक्रीआधी मिटवावा. तसेच अवजार शासकीय अनुदानावर घेतले असेल तर मंजुरीपत्र काढून वाचावे. ठराविक मुदतीपर्यंत न विकण्याची अट असू शकते. शंका असल्यास तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावे.

योग्य किंमत म्हणजे किती?

येथे थोडे गणित करू. यंत्रांच्या खर्चाच्या हिशोबात ट्रॅक्टरचे आयुष्य १० वर्षे किंवा १०,००० तास आणि शेवटची उरलेली किंमत मूळ किमतीच्या १० टक्के धरण्याची पद्धत आहे. समजा, सहा वर्षांपूर्वी ट्रॅक्टर ६ लाखांना घेतला. १० टक्के म्हणजे ६० हजार वजा केले, राहिले ५ लाख ४० हजार. वर्षाची घट ५४ हजार, सहा वर्षांची ३ लाख २४ हजार. हिशोबाने किंमत उरते २ लाख ७६ हजार. गिऱ्हाईक जुनी पावती दाखवून असाच हिशोब करतो. परंतु तसाच नवा ट्रॅक्टर आज साडेसात लाखांना मिळत असेल, तर तुमच्या ट्रॅक्टरची तुलना त्या साडेसात लाखांशी झाली पाहिजे. तेच गणित आजच्या किमतीवर मांडले तर उत्तर येते ३ लाख ४५ हजार. केवळ कोणता आकडा आधी धरला यावरून ६९ हजारांचा फरक पडला. हा आकडा म्हणजे बाजारभाव नव्हे. स्थिती चांगली असेल तर भाव त्याहून वर जातो, वाईट असेल तर खाली येतो. पण बोलणी कोठून सुरू करायची हे त्यावरून कळते.

आणखी एक मुद्दा हल्ली गिऱ्हाईक काढतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, म्हणून जुन्याचा भाव पडला, असे ते सांगतात. त्यात तथ्य आहे, पण किती ते पाहावे. पूर्वी करासह ८ लाखांना असलेला ट्रॅक्टर या कपातीने साडेसात लाखांवर येतो. म्हणजे शेकडा सव्वासहा रुपयांची घट. चार लाखांच्या जुन्या ट्रॅक्टरला ती २५ हजार होते, लाखभर नव्हे. आणि आपण आजच्या नव्या किमतीवरून हिशोब मांडला असेल तर ही घट त्यात आधीच आलेली आहे. ती दुसऱ्यांदा वजा करू देऊ नये.

स्थिती तपासण्यासाठी दूरच्या गावचा मिस्त्री रोख मजुरी देऊन आणावा. गावातला मिस्त्री चांगला असला तरी गिऱ्हाइकाशी त्याचा रोजचा संबंध असतो. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू होते का, ऑइल प्रेशर बरोबर आहे का, ब्रीदरमधून धूर येतो का, निळा धूर निघतो का, लिफ्ट अवजारासह उचललेली राहते की खाली बसते, स्टिअरिंग आणि पुढच्या ॲक्सलमध्ये ढिलेपणा किती, क्लच, पीटीओ आणि टायर कसे आहेत, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. तासमीटरचा आकडाही लिहावा. शेतात चाललेले चार हजार तास आणि खडी-मुरूम ओढलेले चार हजार तास सारखे नसतात. ट्रॅक्टर शेतातच चालला असेल तर ते ठासून सांगावे.

विक्रीपूर्वी किती खर्च करावा याविषयी मला पुष्कळदा विचारतात. बॅटरी, तुटलेल्या वायरी, दिवे, रोटाव्हेटरची झिजलेली पाती एवढे करावे. धुऊन, ग्रीस भरून ठेवावा. इंजिनचे काम मात्र काढू नये, तो खर्च किमतीत परत येत नाही. नवा रंगही देऊ नये. ताजा रंग पाहिला की जाणता शेतकरी आत काय लपवले आहे ते शोधू लागतो.

गिऱ्हाईक मिळेपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी इंजिन सुरू करून चांगले गरम होईपर्यंत चालू ठेवावे, लिफ्ट खाली सोडलेली असावी, टायरमधील हवा पाहावी आणि उंदीर वायरी कुरतडत नाहीत ना याकडे लक्ष द्यावे. आमच्या प्रात्यक्षिकातील एक भगिनी पुतण्याकडून हे नेमाने करून घेत आणि प्रत्येक वेळी तारीख व तासमीटरचा आकडा वहीत टिपत. गिऱ्हाइकासमोर त्यांनी वही ठेवली, तेव्हा "बंद पडून होता" हे वाक्य कोणी उच्चारले नाही.

भाव किमान तीन ठिकाणी काढावा. नव्या ट्रॅक्टरचे विक्रेते बदलीत जो भाव सांगतात तो ऐकून हुरळून जाऊ नये. नव्यावरील सूट कमी करून तो वाढवलेला असतो. "बदलीत नको, रोख किती देता?" असे विचारले की खरा आकडा कळतो. जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात आपल्यासारखाच ट्रॅक्टर किती मागतात ते घरच्या माणसाला पाठवून पाहावे. शेजारच्या दोन-चार गावांतील शेतकऱ्यांनाही कळवावे. शेतकऱ्याला थेट विकले तर दलाली वाचते. नात्यातील माणसाला द्यायचा असेल तर जरूर द्यावा, पण बाहेरचा भाव काढल्यानंतर. मग दहा हजार कमी घ्यायचे तर ते समजून-उमजून घेता येतात.

बंधूंनो, येथे तुमच्यासाठीही एक काम आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आरसी बुकावर नॉमिनीचे नाव नोंदवता येते. ते पत्नीच्या संमतीने नोंदवा. कर्जखात्याचा क्रमांक, विम्याची मुदत आणि ट्रॅक्टरच्या पावत्या कोठे आहेत हे तिला दाखवून ठेवा.

पैसे, पावती आणि ताबा

इसार घेताना इसारपावती दोन प्रतींत करावी. ठरलेली किंमत, मिळालेली रक्कम, बाकी केव्हा, सोबत कोणते साहित्य जाणार आणि दोन साक्षीदार हे त्यात असावे. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही आणि दंड घेणाऱ्यावर, म्हणजे विकणाऱ्यावर, बसतो. त्यामुळे मोठी रक्कम बँकेतूनच घ्यावी. मोबाईलवर संदेश आला म्हणजे पैसे आले असे नव्हे. पासबुकात नोंद पाहूनच किल्ली द्यावी.

सर्वांत घातक सवय म्हणजे कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून ट्रॅक्टर देऊन टाकणे. नमुना २९ व ३० पूर्ण भरून, गिऱ्हाइकाचे नाव व तारीख घालूनच सही करावी. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी स्पष्ट केले आहे की, वाहन कितीही हातांतून पुढे गेले तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक धरला जातो. ट्रॅक्टर-ट्रॉली विकून मोकळ्या झालात, पण नाव तुमचेच राहिले आणि पुढच्या माणसाने विमा भरला नाही, तर भरपाईचा दावा तुमच्या दारात येईल. म्हणून शक्यतो नाव बदलण्याचा अर्ज दाखल झाल्यावरच ताबा द्यावा. ताबा देताना तारीख व वेळ घालून पोहोच घ्यावी आणि विमा कंपनीला विक्री लेखी कळवावी. महिन्याभराने परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून मालक बदलला का ते मुलांकडून पाहून घ्यावे.

कर्ज घेताना जमीन तारण दिली असेल तर ट्रॅक्टर विकला आणि कर्ज फिटले तरी सातबाऱ्याच्या इतर हक्कातील बोजा आपोआप जात नाही. बँकेचे बोजा कमी करण्याचे पत्र तलाठ्याकडे देऊन पोहोच घ्यावी. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढावा आणि बँकेचे नाव गेले आहे की नाही ते स्वतः वाचून पाहावे.