विद्यापीठाच्या पुलपिटावरचा पाहुणा (अध्यक्षीय भाषण)

ख्रिस्ती विद्यापीठातील उपासनेसाठी बाहेरचा वक्ता बोलावण्याची प्रथा दोन गरजांतून वाढली. पहिली गरज व्यवहाराची आहे. चॅपेलचा चॅप्लेन बहुधा एकच असतो आणि त्याला त्याच तरुण मंडळीपुढे आठवड्यामागून आठवडे संदेश द्यावा लागतो. दुसरी गरज विद्यापीठ असण्यातून येते. गावच्या मंडळीत एका पंथाची, एकमेकांना ओळखणारी कुटुंबे बसतात. विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये मात्र अनेक पंथांचे, काही अन्य धर्मांचे आणि काही कशावरच विश्वास नसलेले विद्यार्थी एका बाकावर असतात. अशा श्रोत्यांपुढे कोणाला उभे करायचे, यावरून त्या विद्यापीठाचे ख्रिस्तीपण किती रुंद आहे ते कळते. या प्रश्नाला हजेरीचा प्रश्न जोडलेला आहे. श्रोत्याला न येण्याची मुभा आहे का? निमंत्रण आणि हजेरी यांचा इतिहास वेगवेगळा सांगता येत नाही.

या व्यवस्थेचे जुने रूप ऑक्सफर्डला दिसते. तेथील सेंट मेरी चर्चमध्ये विद्यापीठासमोर प्रवचन करण्याचा मान मुख्यतः विद्यापीठाच्याच पदवीधर धर्मगुरूंना मिळे. वक्ता पाहुणा असला तरी घरचाच असे. जॉन बॅम्प्टन यांच्या मृत्युपत्रातून 1780 मध्ये सुरू झालेल्या व्याख्यानमालेनेही हीच चौकट पाळली. वक्ता ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा एम.ए. असावा, त्याने आठ प्रवचने द्यावीत, ती छापली जावीत आणि एकदा बोललेल्याला पुन्हा बोलावू नये, अशा अटी होत्या. त्यातली शेवटची अट दूरदृष्टीची होती. पुलपिट कोणा एकाची मिरास होऊ नये, याची सोय देणगीदारानेच करून ठेवली होती.

घरच्या वक्त्यांनाही हे पुलपिट बंद होऊ शके. लिंकन कॉलेजचे फेलो जॉन वेस्ली यांनी 24 ऑगस्ट 1744 रोजी सेंट मेरीमध्ये प्रवचन केले आणि विद्यापीठातील अधिकारी, अध्यापक व विद्यार्थी खरोखर ख्रिस्ती आहेत का, असे तोंडावर विचारले. त्यानंतर तेथे त्यांचे प्रवचन झाले नाही. शंभर वर्षांनी, 1843 मध्ये, एडवर्ड पुसी यांनी क्राइस्ट चर्चमध्ये प्रभुभोजनावर केलेले प्रवचन आक्षेपार्ह ठरले आणि त्यांना विद्यापीठापुढे प्रवचन करण्यास दोन वर्षे मनाई झाली. वक्ता उभा राहिल्यावर यजमानाच्या हाती फारसे काही उरत नाही. त्याचा अधिकार चालतो तो निमंत्रणापूर्वी, नाहीतर प्रवचनानंतर. ऑक्सफर्डने दोन्ही वेळा तो नंतर वापरला.

निमंत्रण द्यायचे कोणी, हा वाद अमेरिकेत हार्वर्डला पेटला. 15 जुलै 1838 रोजी तेथील डिव्हिनिटी स्कूलमध्ये राल्फ वाल्डो इमर्सन यांचे भाषण झाले. त्यांना बोलावले होते पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनी. चमत्कारांवर विसंबलेल्या धर्मावर इमर्सन यांनी टीका केली. प्राध्यापकवर्गातील काहींनी जाहीर विरोध केला आणि पुढे जवळजवळ तीन दशके हार्वर्डने त्यांना बोलावले नाही. 1866 मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मान्य पदवी दिली. विद्यार्थ्यांना ऐकावासा वाटणारा वक्ता संस्थेला पेलेलच असे नाही, हे या प्रसंगातून समजले. निमंत्रणाच्या समितीत विद्यार्थ्यांना जागा असावी का, या आजच्या चर्चेची मुळे इतकी जुनी आहेत.

पाहुण्या प्रवचनकारांची रीतसर व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. 1868 मध्ये सुरू झालेले कॉर्नेल विद्यापीठ कोणत्याही एका पंथाचे नव्हते आणि त्यामुळे त्याच्यावर निधर्मीपणाचा आरोप होत असे. अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांनी त्याला दिलेले उत्तर व्यवस्थेच्या रूपात होते. हेन्री सेज यांच्या देणगीतून 1875 मध्ये सेज चॅपेल उभे राहिले आणि त्यांचे पुत्र डीन सेज यांच्या निधीतून निरनिराळ्या पंथांचे नामवंत प्रवचनकार पाळीपाळीने बोलावले जाऊ लागले. कायमचा एकच पाळक नेमला असता तर विद्यापीठाला एका पंथाचा शिक्का बसला असता. पाहुण्यांच्या पाळीने तो टळला आणि उपासनाही चालू राहिली.

हार्वर्डने 1886 मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. स्थापनेपासून चालत आलेली चॅपेलची सक्तीची हजेरी त्या वर्षी रद्द झाली. त्याच वर्षी फ्रान्सिस ग्रीनवुड पीबडी यांच्या नेतृत्वाखाली प्रवचनकारांचे मंडळ काम करू लागले. त्यात वेगवेगळ्या पंथांचे पाळक होते. बोस्टनच्या ट्रिनिटी चर्चचे फिलिप्स ब्रुक्स त्यांपैकी एक. हार्वर्डचे कायमचे पद त्यांनी 1881 मध्ये नाकारले होते. पाहुणा प्रवचनकार म्हणून ते आनंदाने आले. मंडळातील प्रत्येक जण ठरावीक आठवडे सकाळच्या प्रार्थना चालवी आणि त्या काळात विद्यार्थ्यांना भेटण्यासाठीही उपलब्ध असे. सक्ती गेल्यावर श्रोता मिळवावा लागला. त्यासाठी बोलणाऱ्यांची विविधता वाढली आणि पुलपिटाइतकेच महत्त्व भेटीगाठींना आले.

इतर विद्यापीठे याच वाटेने पण सावकाश गेली. येलने सक्तीची उपासना 1926 मध्ये संपवली. प्रिन्स्टनचे भव्य दगडी चॅपेल 1928 मध्ये खुले झाले, पण हजेरीच्या सक्तीचे शेवटचे अवशेष तेथे 1964 पर्यंत टिकले. मॉन्टगोमेरीच्या बस-बहिष्काराचे नेतृत्व केलेले मार्टिन ल्यूथर किंग 1960 मध्ये याच चॅपेलमध्ये प्रवचनासाठी आले होते. वंशभेदाच्या अमेरिकेत गोऱ्या मंडळ्यांच्या पुलपिटावर काळ्या पाळकाला क्वचितच जागा मिळे. विद्यापीठाच्या चॅपेलची दारे मात्र निमंत्रणाच्या एका पत्राने उघडत. शेजारच्या चर्चमध्ये जो आवाज विद्यार्थ्याने कधीच ऐकला नसता, तो त्याला विद्यापीठात ऐकू आला, हे या प्रथेचे मोठे देणे आहे.

या परंपरेचा एक धागा भारतात आणि महाराष्ट्रातही येतो. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातील रँकिन चॅपेलचे 1932 ते 1944 या काळातील डीन हॉवर्ड थर्मन 1935-36 मध्ये ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीच्या निमंत्रणावरून भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या दौऱ्यावर आले. कोलंबोच्या लॉ कॉलेजात त्यांच्या भाषणानंतर एका श्रोत्याने त्यांना विचारले, की गुलामांचा व्यापार करणाऱ्यांच्या धर्माचा प्रतिनिधी म्हणून एक काळा माणूस येथे उभा कसा राहतो? थर्मन यांनी हा प्रश्न टाळला नाही. 1949 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या पुस्तकाच्या आरंभी तोच प्रश्न आहे. फेब्रुवारी 1936 मध्ये बारडोलीला त्यांची गांधीजींशी भेट झाली. त्याच वर्षाच्या अखेरच्या सुमारास हॉवर्डच्याच धर्मशास्त्र विभागाचे प्रमुख बेंजामिन मेज वर्ध्याला गांधीजींना भेटले. मेज 1940 मध्ये मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि तेथील चॅपेलमध्ये ते बोलत तेव्हा 1944 ते 1948 या वर्षांत श्रोत्यांत विद्यार्थी किंग बसत. अहिंसेचा विचार अमेरिकेतील काळ्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला त्या वाटांपैकी एक वाट कॉलेजांच्या चॅपेलमधून गेली आहे. थर्मन यांच्या अनुभवातून दुसरी गोष्टही निघते. श्रोत्याला प्रश्न विचारण्याची संधी असली, तर पाहुणाही शिकून परत जातो.

कॅथलिक विद्यापीठांत प्रश्न वेगळ्या जागी अडतो. 1983 च्या धर्मविधी संहितेचे कलम 767 मिस्सातील प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन यांच्यासाठी राखून ठेवते. कितीही विद्वान असला, तरी प्रापंचिक पाहुणा तेथे प्रवचन करू शकत नाही. त्यामुळे प्राध्यापिका, डॉक्टर, समाजकार्यकर्ते अशा पाहुण्यांसाठी मिस्साबाहेरची प्रार्थनासभा, संध्याप्रार्थना किंवा स्वतंत्र व्याख्यान असा मार्ग काढला जातो. ही मर्यादा जाचक वाटली तरी तिच्यामुळे एक फरक स्पष्ट राहतो. उपासनेचा भाग असलेले प्रवचन आणि उपासनेला जोडून केलेले भाषण, यांना त्या परंपरेत दोन वेगळ्या जागा आहेत. प्रॉटेस्टंट विद्यापीठांत ही सीमा सहज पुसली जाते आणि वादाचे बरेच प्रसंग तेथूनच उद्भवतात.

अमेरिकेतील इव्हँजेलिकल कॉलेजांनी हजेरीची सक्ती बऱ्याच ठिकाणी कायम ठेवली आहे. इलिनॉयमधील व्हीटन कॉलेज त्यांपैकी एक. तेथील माजी अध्यक्ष रेमंड एडमन 22 सप्टेंबर 1967 रोजी चॅपेलमध्ये बोलत असताना कोसळले आणि मरण पावले. चॅपेलमध्ये कसे वागावे, हाच त्या दिवशीचा त्यांचा विषय होता आणि इथिओपियाच्या सम्राटाला भेटताना पाळायच्या शिष्टाचाराचे उदाहरण त्यांनी घेतले होते. श्रोता आणून बसवलेला असला की त्याने कसे बसावे, हाही प्रवचनाचा विषय होतो. सक्तीच्या बाजूने म्हणण्यासारखे काही नाही असे नाही. एकत्र उपासना करणारा समाज तिच्यामुळे घडतो आणि विद्यार्थी स्वतः कधी निवडला नसता असा वक्ताही ऐकतो.

पण भरलेले सभागृह आयते मिळाले की त्याच्यावर इतरांचीही नजर जाते. व्हर्जिनियातील लिबर्टी विद्यापीठात निवासी विद्यार्थ्यांना सक्तीच्या असलेल्या सभेत गीते आणि प्रार्थना होतात, आणि पाहुणे बोलतात. 23 मार्च 2015 रोजी टेड क्रूझ यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी तेथेच जाहीर केली. 14 सप्टेंबर 2015 रोजी बर्नी सँडर्स आणि 18 जानेवारी 2016 रोजी डोनाल्ड ट्रम्प तेथे बोलले. विरोधी मताच्या सँडर्स यांना बोलावून विद्यापीठाने श्रोत्यांना वेगळे ऐकण्याची संधी दिली, हे श्रेय खरेच. तरीही ज्या सभेला गैरहजर राहता येत नाही तीत उमेदवारीची घोषणा झाली, की टाळ्या वाजवणारे किती आणि उपस्थित असावेच लागलेले किती, हे कोणालाच सांगता येत नाही. तेथे विद्यार्थी श्रोता उरत नाही, प्रचाराच्या चित्राची पार्श्वभूमी होतो.

याच्या अगदी उलट उदाहरण केंटकी राज्यातील विल्मोर या लहान गावचे आहे. तेथील अ‍ॅझबरी विद्यापीठात 8 फेब्रुवारी 2023 रोजी नेहमीची चॅपेलसभा झाली. त्या दिवशीच्या वक्त्याचे देशभर नाव नव्हते आणि आपले प्रवचन जमले नाही, असे खुद्द त्याचेच मत होते. सभा संपल्यावर काही विद्यार्थी मागे थांबले आणि गाणी व प्रार्थना चालू राहिल्या. पुढचे दोन आठवडे देशातून आणि परदेशातून लोक तेथे लोटत राहिले. विद्यापीठाने या काळात नामांकित प्रचारकांना व्यासपीठ दिले नाही. याच सभागृहात 3 फेब्रुवारी 1970 रोजी ठरलेले प्रवचन झालेच नव्हते; डीननी विद्यार्थ्यांना साक्ष देण्यास बोलावले आणि तेव्हाही उज्जीवनाची लाट उठली होती. वक्त्याची कीर्ती आणि उपासनेचे फळ यांचे गणित सरळ नाही, एवढे या दोन्ही प्रसंगांतून निश्चित सांगता येते.

भारतात या प्रश्नाला घटनेची चौकट आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 28 नुसार मान्यताप्राप्त किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेतील विद्यार्थ्याला त्याच्या, तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय उपासनेला हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. हार्वर्डने 1886 मध्ये स्वतःहून घेतलेला निर्णय येथील ख्रिस्ती महाविद्यालयांना कायद्यानेच लागू आहे. त्यांचे बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नसल्यामुळे तो योग्यही आहे. अशा श्रोत्यांपुढे कसे बोलावे याचा पाठ अ‍ॅझबरीचेच पदवीधर असलेले मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स यांनी घालून दिला. त्यांच्या जाहीर सभांचे अध्यक्षपद अनेकदा हिंदू पुढाऱ्यांकडे असे आणि भाषणानंतर प्रश्नोत्तरे होत. मराठीत तर पाहुण्याचा संदेश प्रवचनाच्याच साच्यात असावा असेही नाही. ना. वा. टिळक यांनी कीर्तन आणि भजन ख्रिस्ती उपासनेत आणले. कॉलेजच्या चॅपेलमध्ये कीर्तनकार पाहुणा म्हणून उभा राहिला, तर मराठी श्रोत्याला ते परके वाटण्याचे कारण नाही.

या इतिहासावरून निमंत्रणाची काही कामचलाऊ पथ्ये ठरतात. निमंत्रण सत्र सुरू होण्याआधी पुरेसे लवकर जावे आणि त्यात श्रोते कोण, वेळ किती, शास्त्रपाठ कोणता, ध्वनिमुद्रण होणार का, मानधन आणि प्रवासखर्च किती, हे स्पष्ट असावे. पाहुण्याने विद्यापीठाचे विश्वासपत्र मानलेच पाहिजे की त्याचा आदर राखला म्हणजे पुरे, हे धोरण आधी लिहून ठेवलेले असावे. नाहीतर ते एखाद्या नावावरून वाद झाल्यावर घाईने लिहिले जाते आणि त्या नावापुरतेच उरते. वर्षाची यादी एकत्र पाहावी, कारण एकेक निमंत्रण योग्य वाटूनही संपूर्ण यादी एकाच पंथाची, एकाच लिंगाची किंवा एकाच शहराची होऊ शकते. निवडणुकीच्या काळात उमेदवारांना उपासनेत बोलावू नये. त्यांच्यासाठी चर्चासभेचे स्वतंत्र सभागृह आहे. संदेशानंतर विद्यार्थ्यांना पाहुण्याशी बोलता यावे म्हणून जेवण किंवा प्रश्नोत्तराची बैठक ठेवावी. आणि पाहुणा गेल्यावर उठलेले प्रश्न चॅप्लेनच्या दारी येणार, तेव्हा निमंत्रणाचा अंतिम शब्द त्याचा असावा. समितीने, विद्यार्थ्यांसह, नावे सुचवावीत. प्रशासनाने किंवा देणगीदाराने ती लादू नयेत.

विद्यापीठीय उपासनेची जबाबदारी वाहणाऱ्यांच्या या परिषदेपुढे त्यामुळे वक्त्यांच्या यादीइतकाच हजेरीच्या नियमाचा विचार यायला हवा. जेथे श्रोता मोकळा आहे, तेथे मतभेद असलेला पाहुणाही निर्धास्तपणे बोलावता येतो, कारण ऐकणाऱ्याने त्याला आपणहून संधी दिलेली असते. जेथे हजेरी सक्तीची आहे, तेथे पाहुण्याची निवड दुप्पट काळजीने करणे आणि उत्तर देण्याची संधी श्रोत्याला राखून ठेवणे, हे यजमान विद्यापीठाचे किमान कर्तव्य ठरते.