अंधार किती ठेवायचा?

खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घेताना मेगापिक्सेलचा आकडा आधी विचारू नका. समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे, असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. म्हणून काळी म्हैस फिकट आणि पांढरं धोतर मळकट उतरतं. ते सुधारायचं तर ॲपर्चर, शटर आणि आयएसओ आपल्या हाती हवेत. दुकानातच चाकी ‘एम’वर फिरवून पाहा. दर वेळी मेनू उघडावा लागत असेल, तर तो कॅमेरा राहू द्या.

मग सेन्सर विचारा. २०१२ मध्ये आलेल्या सोनी आरएक्स१००चा ‘एक इंची’ सेन्सर साध्या कॉम्पॅक्टच्या सुमारे चौपट क्षेत्रफळाचा होता. कमी उजेडात हाच फरक कामी येतो.

दिवेलागणीचा फोटो दुपारसारखा लख्ख आला, तर त्यात संध्याकाळ कुठे उरली? अंधार किती ठेवायचा, हे आपल्यालाच ठरवता यायला हवं.