डीझेल इंजिनाची नाडीपरीक्षा

पेट्रोलचें इंजिन ठिणगीवर चालतें, हें बहुतेक श्रोत्यांस ठाऊक असेल. डीझेल इंजिनांत मात्र ठिणगीच नसते. रुडॉल्फ डीझेल या जर्मन यंत्रज्ञानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनांत पिस्टन केवळ हवा दाबतो. मूळच्या १५ व्या ते २० व्या हिश्शांत कोंडलेली ती हवा इतकी तापते, कीं तींत इंधनाचा फवारा पडतांच तो आपोआप पेट घेतो. दाब उतरला, कीं ही उष्णताहि उतरते. मग इंजिन थंडीच्या सकाळीं पांढरा धूर ओकतें आणि सुरूच होत नाहीं.

रुग्णालयाचें जनित्र ऐन वेळीं असें रुसलें, तर काय अनर्थ होईल, हें सांगावयास नको. तरीहि पुष्कळदां इंजिन केवळ अंदाजानें खोललें जातें, रिंगा बदलल्या जातात, पैसा खर्च होतो आणि दुखणें तसेंच राहतें. वैद्य नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं. येथेंहि तोच नियम पाळावा.

प्रथम इंजिन गरम करावें. बॅटरी भरलेली व हवेची गाळणी स्वच्छ असावी. स्टार्टर मंद फिरला, तर निरोगी सिलिंडरहि रोगी दिसतो. मग इंधन बंद करून सर्व इंजेक्टर काढावेत आणि एकेका सिलिंडरावर डीझेलसाठींच बनविलेला दाबमापक बसवून, कांटा स्थिर होईपर्यंत स्टार्टरनें इंजिन फिरवावें. हा दाब बहुधा दर चौरस इंचास ३५० ते ४५० पौंडांच्या आसपास असतो. नेमका आंकडा इंजिनाच्या पुस्तिकेंत पाहावा.

आंकड्यांपेक्षां त्यांच्यांतील अंतर अधिक बोलकें असतें. सर्व सिलिंडर सारखेच उतरले असतील, तर ती बहुधा झीज. एकच खालीं असेल, तर त्याच्या झडपा किंवा रिंगा. शेजारचे दोन खालीं असतील, तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट. अधिक खात्रीसाठीं पिस्टन अगदीं वर आणून, झडपा मिटलेल्या असतांना, इंजिन फिरणार नाहीं असें अडकवून आंत दाबाची हवा सोडावी. फुसफुस धुराच्या नळींतून आली तर एक्झॉस्टची झडप गळते, हवेच्या नळींतून आली तर आंत घेणारी, तेल ओतण्याच्या तोंडांतून आली तर रिंगा. रेडिएटरच्या पाण्यांत बुडबुडे आले तर गॅस्केट.

म्हणून मेकॅनिकनें ‘इंजिन खोलावें लागेल’ असें म्हटलें, कीं मालकानें प्रथम प्रत्येक सिलिंडराचा आंकडा विचारावा व तो तारखेसह वहींत लिहून ठेवावा. पुढील वर्षींचा आंकडा त्याच्या शेजारीं मांडला, म्हणजे इंजिन बंद पडण्यापूर्वींच त्याचें दुखणें कळूं लागतें.