न दुखणारी गाठ आणि टाळेबंदीचे दिवस

(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात एका शल्यविशारद भगिनीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कोरोनाच्या महामारीवर आजवर पुष्कळ व्याख्याने झाली, ग्रंथही निघाले. प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी झालेली धावपळ आपण सर्वांनी पाहिली आहे आणि आपल्यापैकी अनेकजणी त्या काळात प्रत्यक्ष मैदानात होत्या. म्हणून त्या आजाराविषयी मी आज बोलणार नाही. त्याच्या आडोशाला जे गुपचूप घडत गेले, ज्याची मोजदाद कोणी केली नाही, त्याविषयी चार शब्द सांगणार आहे.

२५ मार्च २०२० हा गुढीपाडव्याचा दिवस. देशव्यापी टाळेबंदीचाही तोच पहिला दिवस. त्या सकाळी न्हाताना बावन्न वर्षांच्या एका गृहिणीच्या हाताला स्तनात सुपारीएवढी गाठ लागली. ती माझ्याकडे आली तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. जवळजवळ आठ महिने लोटले होते. सुपारीचे लिंबू झाले होते आणि काखेतही गाठी हाताला लागत होत्या. मी विचारले, "मावशी, एवढे दिवस का थांबलात?" ती म्हणाली, "ताई, दुखत नव्हतं काही. अन् सगळे सांगत होते, अगदी तातडीचं असेल तरच दवाखान्यात जा."

त्या उत्तराने मी निरुत्तर झाले. कारण 'सगळे सांगत होते' त्यांत मीही होते. माझ्याच दवाखान्याच्या दारावर तसा फलक लावलेला होता. त्या परिस्थितीत तो लावणे आवश्यकच होते, हे मी आजही म्हणेन. परंतु तो लिहिताना एका गोष्टीचा विचार आम्ही केला नाही. स्तनाच्या कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. जे दुखत नाही ते आपल्या घरातील स्त्रीच्या लेखी कधीच तातडीचे नसते. दुखते तेदेखील ती सणवार उरकल्यावर, मुलांच्या परीक्षा संपल्यावर सांगते. 'तातडीचे असेल तरच या' या वाक्याने सर्वप्रथम कोणाला परत पाठवले असेल, तर ते या न दुखणाऱ्या गाठीला.

हा एका स्त्रीचा अनुभव झाला. देशाचे चित्र काय होते? भारतातील ४१ कर्करोग केंद्रांनी २०२० सालच्या मार्च ते मे या तीन महिन्यांची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी केली. २०१९ मध्ये १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ५१,७६०. म्हणजे निम्म्याहून अधिक रुग्ण आलेच नाहीत. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ वर आल्या. सत्तर टक्क्यांहून अधिक केंद्रांत कर्करोगाची पूर्वतपासणी एक तर पूर्ण बंद होती, नाही तर नेहमीच्या पाव क्षमतेहूनही कमी चालत होती. हे आकडे सर्व प्रकारच्या कर्करोगांचे आहेत, केवळ स्तनाच्या कर्करोगाचे नव्हेत, हे ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट. ही घट लहान शहरांपेक्षा महानगरांतील केंद्रांत अधिक होती. मला त्याचे नवल वाटत नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे दार टाळेबंदीतही उघडे होते. पण आसाम-बिहारपासून आमच्या मराठवाड्यापर्यंतचे रुग्ण त्या दाराशी पोहोचणार कसे? रेल्वे थांबलेली, एस. टी. थांबलेली, मुंबईची लोकल २३ मार्चपासून सामान्यांसाठी बंद. दार उघडे आणि वाट बंद, अशी ती अवस्था होती.

आता परदेशाकडे पाहू, कारण तेथील उदाहरणातून आपली उणीव नेमकी कळते. ब्रिटनमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीला सत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीसाठी, पत्राने बोलावणे येते. मार्च २०२० मध्ये ही व्यवस्था थांबली आणि तेथील एका स्वयंसेवी संस्थेच्या अंदाजाप्रमाणे सुमारे दहा लाख स्त्रियांची तपासणी त्या काळात हुकली. अमेरिकेत गरीब व विमा नसलेल्या स्त्रियांसाठी शासनाची एक तपासणी योजना आहे. एप्रिल २०२० मध्ये त्या योजनेतील स्तनतपासण्या आधीच्या पाच वर्षांतील एप्रिलच्या सरासरीपेक्षा ८७ टक्क्यांनी घटल्या. हानी तेथेही मोठी झाली. इंग्लंडमधील निदानाच्या विलंबामुळे पुढील पाच वर्षांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू आठ ते दहा टक्क्यांनी वाढतील, असे भाकीत तेथील संशोधकांनी २०२० मध्येच केले होते.

परंतु भगिनींनो, त्या देशांना आपले किती हुकले हे ठाऊक होते. ब्रिटनमध्ये कोणाला बोलवायचे राहिले, त्या प्रत्येकीचे नाव आणि पत्ता यादीत होता. व्यवस्था पूर्ववत होताच तीच यादी काढून पत्रे धाडता आली. आपल्याकडे किती जणींची तपासणी हुकली? हे कोणालाही सांगता येणार नाही, कारण बोलावणेच कोणाला गेलेले नव्हते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते की, तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांची स्तनतपासणी आयुष्यात एकदा तरी झाली, अशा अवघ्या ०.९ टक्के आहेत. शंभरांत एकसुद्धा भरत नाही! मग महामारीने आपली पूर्वतपासणी बंद पाडली असे म्हणण्यात कितीसा अर्थ उरतो? जी नुकती कोठे रांगू लागली होती ती बसून राहिली, एवढेच. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीची पाच वर्षांतून एकदा प्रशिक्षित हातांनी तपासणी व्हावी, असा केंद्र शासनाचा आराखडा २०१६ सालचा आहे. आराखडा उत्तम आहे. तो घराघरांत पोहोचायचा आहे.

येथे कोणी म्हणेल की, यंत्रे महाग, तज्ज्ञ थोडे, खेड्यात मॅमोग्राफी कोठून आणायची? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपल्याच मुंबईने दिलेले आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगते. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये एक प्रदीर्घ अभ्यास हाती घेतला. डॉ. इंद्रनील मित्रा हे त्याचे प्रमुख. मुंबईतील वीस वस्त्या निवडल्या. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, केवळ हाताने तपासणी केली. ना यंत्र, ना क्ष-किरण. उरलेल्या वस्त्यांत कर्करोगाची माहिती देऊन नियमित पाठपुरावा ठेवला. वीस वर्षे हे व्रत चालले. निष्कर्ष काय निघाला? ज्या वस्त्यांत तपासणी झाली तेथे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत पोहोचलेले रोगी ३७ टक्के होते. जेथे झाली नाही तेथे ४७ टक्के. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूत तशी घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जगातील बड्या संशोधकांनी ज्या साध्या पद्धतीकडे पाठ फिरवली होती, तिचे मोल मुंबईच्या वस्त्यांतील सेविकांनी सिद्ध केले. हा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि दुसरी लाट लगोलग आली. तो वाचायला कोणाला सवड होती?

आता थोडे स्पष्ट बोलते. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम महाराष्ट्रात निघाली. आशाताई आणि अंगणवाडीसेविका घरोघर गेल्या. ताप मोजला, प्राणवायूची पातळी पाहिली, आधीपासून असलेल्या आजारांची नोंद केली. तुमच्यापैकी कितीतरी जणी त्यात होत्या आणि ते काम कौतुकास्पदच होते. पण पाडव्याला गाठ लागलेली ती मावशी त्यावेळी घरातच होती. आजार आहे का, असे विचारल्यावर तिने 'नाही' म्हटले असणार, कारण ज्याचे निदान झालेले नाही तो आजार कोणत्या रकान्यात लिहायचा? जबाबदारी घेऊन कोणीतरी उंबऱ्यावर आलेले असताना ती गाठ आत तशीच राहिली. हा दोष मी सेविकांना देत नाही. तो प्रश्न छापायला आम्ही डॉक्टरांनी सुचवायला हवा होता.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक गावात एक वही असावी. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीचे नाव, शेवटची तपासणी केव्हा झाली, पुढची केव्हा, एवढेच त्यात असावे. उद्या पुन्हा साथ आली, महापूर आला, वाटा बंद झाल्या, तरी सुटलेल्या कोण हे त्या वहीतून कळेल. आणि वही भरताना तीन गोष्टी विचाराव्यात: स्तनात किंवा काखेत गाठ लागते का, बोंड आत ओढले गेले आहे का किंवा त्यातून रक्तासारखा स्राव येतो का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली आहे का. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही त्याचवेळी सांगा. नाही तर भीतीपोटी खरे उत्तर मिळायचे नाही. आणि शक्य असेल तर एकांतात विचारा. सासू आणि दीर समोर असताना या प्रश्नाचे उत्तर 'काही नाही' असेच येते.

त्या मावशींविषयी तुम्ही विचाराल. औषधोपचार झाले, शस्त्रक्रिया झाली. स्तन काढावा लागला. पाडव्यानंतर महिन्याभरात आल्या असत्या तर तो वाचवता आला असता असे मला वाटते, पण ते मी त्यांना सांगितलेले नाही. दर सहा महिन्यांनी त्या येतात. मागच्या खेपेस धाकट्या जावेला सोबत घेऊन आल्या होत्या. ती दाराशीच घुटमळत होती. तिला हाताला धरून आत आणली ती मावशींनीच.

मागच्या खोलीत दोन परिचारिका बसलेल्या आहेत. ज्यांना तपासून घ्यायचे आहे त्यांनी चहाच्या आधीच जावे. नंतर गर्दी होते.