मोटारीची बॅटरी आणि खानदेशचे ऊन

थंडीत मोटार सुरू झाली नाही की आपण थंडीला बोल लावतो. आमचे म्हणणे असे की, यावलसारख्या गावी बॅटरीचा खरा घात वैशाखातच झालेला असतो. १८५९ साली फ्रान्सच्या प्लान्तेने शिसे व गंधकाम्ल यांची बॅटरी सिद्ध केली. तत्त्व आजही तेच. उष्णतेने तिच्यातले पाणी उडते, प्लेटा झिजतात. म्हणून गाडी सावलीत ठेवावी. पाणी उतरल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीच्या पाण्यातील क्षार बाधतात. बंदिस्त बॅटरीला पाणी लागत नाही, पण सावली लागतेच. गाडी महिनोन्महिने उभी राहिल्यास प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते. आठवड्यातून एकदा ती चांगली फिरवून आणावी. केळीने भरलेली गाडी ऐन वेळी अडली, तर नुकसान केवळ बॅटरीचे होत नाही, वर्षाच्या कष्टांचे होते.