पितळ नको, काळा दगड
(अकलूज येथे युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत माल उचलतो. शिक्षण मॅट्रिक. कविता करतो म्हणून तुम्ही बोलावलंत, पण आज हमाल म्हणूनच बोलतो. घरटी वर्गणी काढून तुम्ही विहारात पंचशील आणि बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा कोरणार. कशावर, एवढाच वाद आहे. सकाळी बरेच जण म्हणाले, पितळेचा पत्रा आणि सोनेरी अक्षरं. मला कळतं ते. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या मडकं आलं, त्यांना बुद्धाला पितळ द्यावंसं वाटणारच.

पण पितळ मी पाठीवर वाहिलंय. गोदीत सगळ्यात आधी पाय फुटतात ते तांब्या-पितळेलाच. लोखंडाला खारी हवा खाते, तरी ते पडून राहतं. पितळ रातोरात वितळतं. विकली जाईल अशा वस्तूवर धम्म लिहाल, तर एक दिवस तो भंगारवाल्याच्या काट्यावर चढेल.

ब्रह्मदेशात मंडालेला मिंडॉन राजानं सगळं त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं. काम पुरं झालं १८६८ ला. मजकूर भिक्खूंनी तपासला, पाथरवटांनी कोरला, अक्षरांत सोनं भरलं. १८८५ ला इंग्रज आले आणि सोनं गेलं. शिळा मात्र आजही उभ्या आहेत. नंतर लोकांनी त्या अक्षरांत काळी शाई भरली.

आता आपल्या जवळचं. वसईजवळचं सोपारा, तेही जुनं बंदर. तिथं अशोकाचे लेख काळ्या दगडावर होते. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ ला भगवानलाल इंद्रजींना सापडला, नवव्याचा १९५६ ला. साल ध्यानात घ्या, नागपूरच्या दीक्षेचं साल! तो नववा लेख काय सांगतो? लग्नात, आजारपणात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे दासाशी, नोकराशी नीट वागणं. हे बंदरावर कोरलेलं! त्या दगडापुढनं माझ्यासारखेच कुणी पोती घेऊन गेले असतील.

पण एक गोम आहे. दगड टिकला आणि वाचणारे संपले. १८३७ ला प्रिन्सेपनं ब्राह्मी लिपी उलगडेपर्यंत शेकडो वर्षं ती अक्षरं म्हणजे नुसत्या रेघोट्या. उलट, लंकेत ताडपत्रावर लिहीपर्यंत धम्म भिक्खूंच्या तोंडातच जगला होता. ताडपत्रही किडीनं खाल्लं की पुन्हा उतरवून काढायचे.

म्हणून माझं म्हणणं ऐका. काळा दगड घ्या, आपल्याकडे त्याला तोटा नाही. खोल कोरा, रंग भरू नका. पितळेचे वाचलेले पैसे पुस्तकांना घाला, आणि दर रविवारी एका पोरानं शिळेपुढं उभं राहून मोठ्यानं वाचायचं.

आणि कोरण्याआधी मजकूर दहावीतल्या पोरींकडून तपासून घ्या. परवा एका फलकावर ‘प्रज्ञा’चं ‘प्रद्न्या’ झालेलं बघितलं. फलक पुसता येतो, दगड नाही. पाथरवटाशी बोलायला उद्या मी थांबतोय, रात्रीच्या गाडीचं तिकीट गेलं तर जाऊ दे.